केसरच्या आवाजाची वाटणी

मी, गुणाजी बुधाजी कोळी, वय सुमारे चौसष्ट, धंदा पूर्वी जहाजावरची नोकरी, हल्ली घरीच, राहणार मौजे करंजखार, पेटा उरण, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. छाती मात्र ठिकाणावर नाही, असे उरणच्या डॉक्टरांनी सांगितले आहे, म्हणून हे काम पुढे ढकलत नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. वकीलसाहेबांनी मसुदा पाहून दिला आणि निम्मा मजकूर गाळायला सांगितला. तो मी गाळलेला नाही. कोणाला काय दिले हे कळले आणि का दिले हे कळले नाही, तर मागे राहणाऱ्यांत भांडण होते. ते होऊ नये म्हणून कारणासह लिहीत आहे.

कलम पहिले. करंजखार येथील माझे कौलारू घर, पुढचा ओटा आणि मागची मासळी सुकवण्याची जागा माझी पत्नी केसर हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. तिला तेथून कोणी हलवू नये, मुंबईला चल म्हणून गळ घालू नये. तिच्यामागे हे सर्व आमचा मुलगा अनंता याचे. पोस्टात जे काही आहे ते केसरच्या औषधपाण्याला.

कलम दुसरे. होडीतला माझा हिस्सा व जाळी पुतण्या मोरू याला. तो समुद्रावर जातो, अनंता जात नाही. यात रागलोभ नाही.

कलम तिसरे. माझ्याकडे जर्मन बनावटीचा एक टेपरेकॉर्डर आहे, ज्यावर मोठी रिळे फिरतात. तो, सहाव्या कलमातली एक सोडून त्याच्या सर्व फिती, सुटे भाग आणि दुरुस्तीची हत्यारांची पेटी मी रतन तुळशीराम घरत हिला देत आहे. रतन ही खाडीपल्याडच्या आगरी वस्तीतली, मिठागरवाल्या तुळशीरामाची मुलगी. ती आमच्या रक्ताची नाही, आमच्या जातीची नाही. ही गोष्ट मला ठाऊक आहे. कोणी मला ती नव्याने सांगू नये.

आता कारण.

माझे उभे आयुष्य जहाजावर गेले. बत्त्या, पंखे, तारा पाहणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली मी होतो, नंतर स्वतः मिस्त्री झालो. लग्न झाले तेव्हा केसर आपल्या आईबरोबर धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायला जाऊ लागली होती. आमच्याकडे लग्नात हळदीपासून नवरी घरात घेईपर्यंत सगळे विधी धवले गाणाऱ्या बाईच्या, म्हणजे धवलारणीच्या, गाण्यावर चालतात. ती गाते तेव्हा मांडव उभा राहतो, ती गाते तेव्हा हळद लागते. केसरचा आवाज असा होता की खाडीच्या पल्याड मिठागरात माणसे फावडे टेकून उभी राहत. हे मला लोकांनी सांगितले. मी स्वतः क्वचितच ऐकले, कारण लग्नसराईत मी कधी एडनला असे, कधी सिंगापूरला. सुटीवर येई तेव्हा पावसाळा, आणि पावसाळ्यात लग्न कोण करतो?

नोकरीच्या शेवटच्या वर्षी जहाजावरचा एक साहेब मायदेशी परतताना आपले सामान विकून गेला, त्यात हे यंत्र मी घेतले. गावात वीज नुकतीच आली होती. पहिल्या दिवशी ओट्यावर यंत्र मांडले आणि केसरला म्हटले, "गा."

ती यंत्राला एक फेरी मारून आली. "या डब्याफुडं कशी गाव मी? याला हलद लावलेय का? कोनाचं लगीन हाय?"

"माझ्यासाठी गा," मी म्हटले. "लग्नात मी कधी होतो?"

त्यावर तिने आतून पाट आणला. मग पाटावर बसली आणि गायली. हळदीचा धवला, मांडवाचा, नवरी न्हाण्याचा, उंबऱ्याचा. पुढची काही वर्षे दर पावसाळ्यात आम्ही दोघे दार लावून बसत असू आणि ती एकेक धवला आठवून गाई. कौलांवरच्या पावसाचा आवाज सगळ्या फितींत आहे. तो दोष समजू नये.

१९६२ साली तिच्या घशात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले की जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. केसरने मला विचारले नाही, अनंताला विचारले नाही. डॉक्टरांना म्हणाली, "कापा." तिच्या आवाजातला मी ऐकलेला तो शेवटचा शब्द. आता तिच्या गळ्याला भोक आहे, त्यातून ती श्वास घेते आणि पदराने ते झाकते. ओठ हलतात, शब्द येत नाही. तिचे ओठ वाचायला मी शिकलो आहे. या पत्रात यापुढे केसर म्हणाली असे जेथे लिहिले आहे, तेथे ती ओठांनी म्हणाली असे समजावे.

घरी आल्यावर तिने बरेच दिवस यंत्राकडे पाहिले नाही. मीही लावले नाही. एकदा सकाळी रतन सुकी मासळी घ्यायला आली होती. रतनच्या नवऱ्याने तिला माहेरी आणून टाकले होते, मूल होत नाही म्हणून. मासळी निवडता निवडता ती स्वतःशी गुणगुणत होती, केसरचाच एक धवला, लहानपणी कुठल्या तरी मांडवात ऐकलेला. दुसऱ्या ओळीला ती चुकली. केसरने टोपली बाजूला केली, तिच्या मनगटाला धरून तिला आत आणली आणि मला म्हणाली, "लाव."

त्या दिवसापासून दीड-दोन वर्षे असे चालले. केसर यंत्राशी बसे. एक ओळ वाजवी, दांडा ओढून थांबवी, रतन ती ओळ म्हणे. चुकली तर केसर तिच्या मनगटावर नेमक्या जागी बोट आपटी. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. या ओढाताणीने फिती ताणल्या, तुटल्या. मी सांधून सांधून थकलो. एकदा मी म्हटले, "केसर, अशाने फीत झिजून जाईल. मग तुझा आवाज कुठे राहील?"

ती म्हणाली, "झिजू दे. पोरीचा गला तयार होतंय."

मी चिकटपट्टी काढली आणि तुटलेली फीत सांधली.

कलम चौथे. आता धर्माजी पाटलांविषयी. हे कलम वकीलसाहेबांनी दोनदा खोडले होते.

१९६४ च्या वैशाखात पाटलांच्या मुलीचे, नलूचे, लग्न निघाले. करंजखारच्या पाटलाच्या घरात केसरशिवाय कधी हळद लागली नव्हती. पाटील घरी आले, ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, "गुणा, तुजा डबा आन मांडवान. केसरचाच आवाज हाय ना त्याच्यान?"

मी म्हटले, "पाटील, रतन तयार झाली आहे. केसरनेच शिकवली आहे. तिला बोलवा."

"रतन नको." पाटलांनी केसरकडे पाहिले नाही. "नवऱ्यानं टाकलेली बाई माज्या पोरीच्या हलदीला गानार? लोक काय बोलतील? यंत्राला नवरा नाय आन टाकनंबी नाय."

रतन आत चुलीपाशी होती. तिने सगळे ऐकले. केसर उठली, पाटलांसमोर उभी राहिली आणि तिने मान हलवली, म्हणजे यंत्र येईल. मला नवल वाटले आणि रागही आला. पाटील गेल्यावर मी विचारले तर एवढेच म्हणाली, "रतनला सांग, चांगलं लुगडं नेस. यंत्र उचलाया दोन मानसं लागतात."

हळदीच्या दिवशी मांडवात वीज पाटलांच्या ओटीवरून घेतली होती. त्याच तारेवर त्यांनी रंगीत दिव्यांच्या माळा चढवल्या. मी बजावले होते की दिवे थोडे कमी ठेवा, ऐकले नाही. केसर यंत्राशेजारी पाटावर बसली, रतन तिच्या मागे. पहिला धवला नीट वाजला. बायका रडल्या. ज्या आवाजाने त्यांची स्वतःची लग्ने लागली तो आवाज मांडवात आला आणि ती बाई मुकी होऊन शेजारी बसली होती. मलाही तेथे बसवेना.

दुसऱ्या धवल्याच्या वेळी मुलांनी, पाहुण्यांनी यंत्राभोवती गर्दी केली. हळद लावत असलेल्या कोणा बाईने फिरते रबरी चाक बोटाने दाबून पाहिले. हळद तेलात कालवलेली. ते तेल चाकाला लागले आणि चाकाची फितीवरची पकड सुटली. त्यात वीज कमी. केसरचा आवाज खाली खाली जाऊ लागला, मग घोगरा झाला, मग एखादा पुरुष पोटात दुखून कण्हत असावा तसा. मागे कोणी तरी हसले. हसणे पसरत गेले. नवरीची मावशी पदर तोंडाला लावून हसत होती. नलू हळदीने माखलेली, मान खाली घालून.

मी केसरकडे पाहिले. आपला आवाज गेला तेव्हा तिने डोळ्यांतून टिपूस काढले नव्हते. आता तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. मी स्पिरिटची बाटली आणि कापड काढले. चाक पुसायला कितीसा वेळ लागतो! पण केसरने माझे मनगट धरले. दुसऱ्या हाताने तिने यंत्राचा दांडा ओढला. रिळे थांबली. मग तिने मागे हात घालून रतनला पुढे ओढले आणि तिच्या मनगटावर एकदा बोट आपटले.

रतनने यंत्र जिथे थांबले त्याच ओळीपासून उचलले.

तिचा आवाज केसरसारखा नाही. केसरचा भरतीच्या पाण्यासारखा होता, रतनचा बारीक आहे, वर जाताना थोडा चिरकतो. पण ओळ तीच, वळण तेच, आणि जिथे केसर श्वास घेई तिथेच तिने श्वास घेतला. पाटील हातात तांब्या घेऊन उभे राहिले. त्यांनी "थांबव" म्हणायला तोंड उघडलेले मी पाहिले. तेवढ्यात हळदीच्या पाटावरून नलू म्हणाली, "बापूस, आता नका थांबवू. अर्ध्यान हलद मोडतंय."

पाटील थांबले. हळद पूर्ण झाली. नंतरचे सर्व धवले, नवरी घरात घेण्याच्या उंबऱ्याच्या धवल्यापर्यंत, रतनने गायले. यंत्र कोपऱ्यात चादरीखाली होते.

धर्माजी पाटलांवर माझा राग होता. रतन चुलीपाशी ऐकत असताना ते जे बोलले त्याबद्दल तो अजूनही आहे. त्यांनी तिची माफी मागितली नाही, फक्त साडी धाडली. साडी ही माफी नव्हे. म्हणून मी त्यांना या मृत्युपत्राचे साक्षीदार केले आहे. साक्षीदाराला मजकूर वाचावाच लागतो असे नाही, पण मी त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवणार आहे.

कलम पाचवे. रतनसाठी, यंत्राची निगा. ती हे वाचू शकते, शाळेच्या दिघे मास्तरांनी तिला शिकवले आहे.

रतन, आपल्या हवेत मीठ आहे. यंत्राचा पहिला वैरी तोच. वाजवून झाले की झाकण लाव, वर कापड घाल. फितींच्या डब्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेव आणि पावसाळ्यात ती बदलत जा.

ज्या पितळी-पोलादी तोंडावरून फीत घासून जाते ते तोंड स्पिरिटने पूस. फितीचा तपकिरी भुसा त्यावर बसतो आणि आवाज जाड कांबळ्याखालून आल्यासारखा होतो. तुला वाटेल यंत्र मेले. नाही, तोंड मळले असते. रबरी चाकाला मात्र फार स्पिरिट नको, ते तडकते. ओलसर फडके पुरे. तेलाचे बोट कोणालाही लावू देऊ नको.

आवाज डुलू लागला तर आधी वीज बघ, मग चाक बघ, मग आतला पट्टा. पट्टा सैल झाला असेल तर मुंबईला मिळतो. आवाज नाही, पण दिवा लागतो, असे झाले तर काचेचे, दिव्यासारखे दिसणारे व्हॉल्व्ह तापतात का ते हात न लावता बघ. न तापणारा बदल. गुणगुण येऊ लागली तर ते काम माझ्याच्याने होत नसे, तुझ्याच्यानेही होणार नाही. मुंबईच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे ने आणि तो कंटाळा करील तरी तिथेच बसून राहा. आतल्या काही भागांत विजेचा साठा राहतो, बटण बंद केले तरी. मला दोनदा धक्का बसला आहे, आणि दोन्ही वेळा केसर हसली.

फीत तुटली तर दोन्ही टोके तिरकी काप, मागच्या बाजूने चिकटपट्टी लाव, चकचकीत बाजूला. पुढच्या बाजूला लावलीस तर चिकट पदार्थ तोंडाला बसतो. लोहचुंबक आणि लाउडस्पीकर फितींजवळ आणू नको, आवाज पुसला जातो. लाल बटण आणि दांडा एकत्र दाबू नको. तसे केले की जुने जाते आणि नवे भरते.

फिती फार दिवस गुंडाळून ठेवल्या की एका थराचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो. मग ओळ सुरू होण्याआधीच ती बारीक ऐकू येते. तुला आठवते, तू पहिल्यांदा ऐकलेस तेव्हा मागे वळून म्हणालीस, "आये, तू मना मागून सांगतंस का?" केसर किती हसली होती, आवाज नसताना. तो बिघाडच आहे. दर हंगामाला सगळ्या फिती एकदा शेवटपर्यंत फिरवून ठेवल्या तर कमी होतो. पूर्ण जात नाही.

कलम सहावे. अनंता, हे तुझ्यासाठी.

गेल्या गणपतीला तू आलास तेव्हा मी तुला हे सांगितले होते. तू म्हणालास, "बाबा, आईचा आवाज आहे तो. माझा हक्क नाही त्यावर? परकी बाई घेऊन जाणार?" तुझे चूक नाही. आई तुझी आहे. मी समुद्रावर असताना तिला तूच सोबत होतास, तिचे गाणे माझ्यापेक्षा तू अधिक ऐकलेस. पण तू ते मुंबईच्या खोलीत कपाटावर ठेवशील, आणि पाहुणे आले की दोन मिनिटे लावशील. रतन ते मांडवात नेईल.

तरी एक फीत तुझी आहे. तिच्यावर धवला नाही. पहिल्या दिवशी यंत्र चालते का पाहायला मी बटण दाबले होते आणि ते तसेच राहिले. त्यात केसर मला ओरडते आहे, कोंबडीला हाकलते आहे, आणि मधेच ओट्यावर येऊन तुला हाक मारते आहे, "अनंता, जेवाला ये रं, बोंबील थंड झालं." तू त्या वेळी सुटीवर आला होतास. त्या फितीच्या डब्यावर मी तुझे नाव लिहिले आहे. ती ऐकायला तुला रतनकडे जावे लागेल, कारण यंत्र तिच्याकडे. रतनने त्याला कधीही दारातून परत पाठवू नये आणि अनंताने जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. बहिणीकडे जातात तसे जावे.

कलम सातवे. यंत्र कधी ना कधी बंद पडेल आणि मुंबईतही त्याचे भाग मिळणार नाहीत. तेव्हा त्याला हार घालून देव्हाऱ्यात ठेवू नये. मोटर काढून कोणाच्या तरी कामाला द्यावी. लाकडी पेटी चांगल्या सागाची आहे. रतनने तोवर दोन तरी मुलींना तयार केलेले असावे. ही अट नाही, मी तिला अट घालू शकत नाही. इच्छा आहे.

कलम आठवे. हे कलम मी आधी वेगळे लिहिले होते. लिहिले होते की माझा शेवट जवळ आला असे दिसले की यंत्र माझ्या खाटेशी आणावे आणि केसरचा उंबऱ्याचा धवला लावावा. तो ऐकत जावे अशी माझी फार इच्छा होती. ज्या मनुष्याने बायकोचे गाणे आयुष्यभर दुरून ऐकले त्याने एवढे मागितले तर काय बिघडले, असे मला वाटले.

काल सर्व मजकूर मी केसरला वाचून दाखवला. बाकीचे तिने मान हलवत ऐकले. या कलमाला तिने माझ्या हातातला टाक काढून घेतला. तिला लिहिता येत नाही. तिने कागदावर एक आडवी रेघ मारली आणि माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवले, म्हणजे ओठ मला नीट दिसावेत.

म्हणाली, "यंत्र नको. मी बसन ना तुमच्याफुडं. माज्या त्वांडाकडं बघा."

मी म्हटले, "आवाज यायचा नाही, केसर."

ती म्हणाली, "तुमाला कळंल."

म्हणून पूर्वीचे कलम रद्द समजावे. त्या वेळी खोलीत यंत्र आणू नये. दिवा मात्र मोठा ठेवावा.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. यात लिहिलेले सर्व माझे आहे, आणि जे माझे नव्हते ते मी कोणालाही दिलेले नाही.

मुक्काम करंजखार, पेटा उरण, जिल्हा कुलाबा.
दिनांक १९ नोव्हेंबर १९६६.

सही: गुणाजी बुधाजी कोळी

केसर गुणाजी कोळी हिने मजकूर ऐकला, तिच्या संमतीची खूण: डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार. गुणाजी यांनी आमच्या देखत सही केली आणि आम्ही त्यांच्या देखत केली.

१. धर्माजी हिराजी पाटील, राहणार करंजखार. मला सर्व वाचून दाखवले. चौथे कलम खरे आहे.

२. चिंतामण विष्णू दिघे, शाळामास्तर, राहणार करंजखार.